फुलपाखरांची बाग दिवाळीनंतर ओस का पडते? नवी रोपं आणण्याआधी काय तपासायचं

जूनमध्ये वाफे खणले जातात, वर्गणीतून रोपं येतात, सप्टेंबरात फुलपाखरांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. दिवाळीनंतर वर्दळ ओसरते आणि मार्चमध्ये वाफ्यात चिटपाखरूही नसतं. पुढच्या जूनला पुन्हा वर्गणी, पुन्हा त्याच नर्सरीतून तीच रोपं. सोसायट्या, शाळा, नगरपालिकेच्या बागा, सगळीकडे हेच चक्र फिरतं, आणि दरवेळी दोष रोपांना किंवा उन्हाळ्याला दिला जातो.

बहुतेक वेळा दोष रोपांचा नसतो. चार गोष्टी तपासायच्या आणि त्या याच क्रमाने: आधी विष, मग अळ्यांचं खाद्य, मग बारा महिन्यांची फुलं, शेवटी मधमाश्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांच्या घरट्यांची जागा. क्रम महत्त्वाचा आहे. फवारणी चालू असताना कितीही चांगली रोपं लावली तरी ती किड्यांना विषाजवळ बोलावतात. त्यापेक्षा बाग नसलेली बरी.

आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा

स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान वाफ्याशेजारी पंधरा मिनिटं उभं राहा. कोण आलं, कुठल्या फुलावर बसलं, किती वेळ थांबलं हे लिहा. मग खाली वाकून पानांची मागची बाजू बघा.

फुलं भरपूर आहेत पण एकही माशी नाही, तर विष किंवा चुकीची फुलं. फुलपाखरं येतात, रस पितात आणि निघून जातात, पानांवर अंडी सापडत नाहीत, तर खाद्यझाडं नाहीत. अंडी आहेत पण अळ्या दिसत नाहीत, तर माळ्याला विचारा. मात्र काही अळ्या कमी होणारच. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या आणि पक्षी यांच्या तोंडून वाचून थोड्याच अळ्या कोशापर्यंत पोहोचतात. सगळ्याच एका रात्रीत गायब झाल्या तर मात्र पंप फिरला असं समजा. पावसाळ्यात गर्दी आणि उन्हाळ्यात शून्य असेल तर फुलांचं वेळापत्रक चुकलंय.

आणखी एक: वाफ्यावर दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन पडत नसेल तर बाकीचं तपासण्यात वेळ घालवू नका. इमारतीच्या सावलीतल्या वाफ्यात फुलपाखरं थांबत नाहीत. जागा बदला.

विष कुठून येतं

पहिला रस्ता नर्सरीचा. विक्रीची रोपं टवटवीत दिसावीत म्हणून त्यांना इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असू शकतं. ते मुळांतून झाडभर पसरतं, मकरंदात आणि परागातही उतरतं आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतं. पानं धुऊन ते जात नाही. म्हणून रोपं विकत घ्यायचीच झाली तर पहिले दोन महिने कळ्या खुडत राहा. पण घरी वाढवलेली रोपं केव्हाही बरी, आणि ती अवघड नाहीत. पेंटासची बोटभर लांबीची फांदी पावसाळ्यात वाळू-माती समप्रमाणात घेऊन लावली की जीव धरते. पानफुटीचं पान नुसतं ओल्या मातीवर ठेवलं तरी कडेने रोपं फुटतात. कढीपत्त्याची बी मात्र ताजी हवी. पिकलेलं काळं फळ चोळून गर काढा आणि त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवलेली बी उगवत नाही.

दुसरा रस्ता माळ्याच्या पंपाचा. बागेच्या कंत्राटात महिन्याला एक फवारणी छापील असते, कीड असो वा नसो. 'रोगर' या नावाने मिळणारं डायमेथोएट किंवा वाळवीसाठीचं क्लोरपायरीफॉस ही नेहमीची नावं. माळ्याशी वाद घालून उपयोग नाही, तो कंत्राटातलं काम करतो. कंत्राट बदलायला हवं.

निंबोळी अर्काबद्दल मोठा गैरसमज आहे. तो सेंद्रिय आहे, पण अळीला निरुपद्रवी नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणजे ज्या अळीसाठी कढीपत्ता लावला तीच मरते. बीटी पावडरचंही (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी) तसंच. कोबीवर ठीक, फुलपाखरांच्या वाफ्यात नको.

मग कीड आली तर? रुई आणि हळदीकुंकू (लाल-पिवळ्या फुलांचं, चीक येणारं झुडूप) यांच्या शेंड्यांवर पिवळा मावा हमखास येतो. पाइपच्या जोरदार धारेने तो खाली पाडा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. त्याआधी पानामागे अळ्या नाहीत हे बघा. मावा तसाच राहिला तरी झाड सहसा मरत नाही, आणि लेडीबर्ड भुंगेरे त्याच्याच मागे येतात. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण फार झाला तर ती फांदी कापून पिशवीत बंद करून टाका. उरलेल्या जागी लिटरभर पाण्यात 5 मिली भांडी घासायचा द्रव साबण मिसळून, जुन्या टूथब्रशने, संध्याकाळी, फक्त किडलेल्या फांदीवर लावा. फवारू नका.

तिसरा रस्ता डासांच्या धुरळणीचा. डेंग्यूचे रुग्ण सापडलेले असताना धुरळणीला विरोध करू नये, ते लोकांच्या जिवाशी खेळणं होईल. पण पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवता येतं: धुरळणीची वेळ आदल्या दिवशी सांगा, आणि यंत्र वाफ्यापासून दहा-पंधरा मीटर दूर ठेवा. सोबत आपल्याकडून आठवड्याचा कोरडा दिवस पाळा. कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, टाक्यांची झाकणं, गच्चीवरचं भंगार तपासा. डासाची अंड्यापासूनची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, त्यामुळे आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतलं की धुरळणीची वेळच कमी येते.

पानं कुरतडली म्हणजे बाग चालली

फुलपाखरू फुलावर जेवतं, पण अंडी ठरावीक झाडाच्या पानावरच घालतं. त्या झाडाशिवाय बाग म्हणजे नुसता थांबा. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या ओवळेकर वाडीत जी विविधता दिसते तिच्यामागे हेच आहे: मकरंदाची आणि अळ्यांच्या खाद्याची झाडं तिथे एकत्र आहेत.

शहरी वाफ्यात सहज जमणाऱ्या जोड्या अशा. कढीपत्ता, लिंबू आणि बेलावर लिंबाळी फुलपाखरू. कढीपत्ता-लिंबावरच कॉमन मॉरमॉन. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन हेही लिंबाच्या कुळावरचंच, पण ते झाडीच्या आसपास जास्त रमतं. कोकणात किंवा घाटमाथ्याजवळच्या गावात लिंबू, माकडलिंबू लावून त्याची वाट बघायला हरकत नाही. रुईवर प्लेन टायगर. कण्हेरीवर कॉमन क्रो. सापसंदाच्या वेलावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ. टाकळा आणि बहाव्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट. सीताफळ आणि उंच सरळ वाढणाऱ्या आसुपालवावर टेल्ड जे. एरंडावर कॉमन कॅस्टर. जमिनीलगतच्या घोळीवर डॅनेड एगफ्लाय. घोळ तण म्हणून उपटली जाते, ती वाफ्याच्या एका कडेला राहू द्या.

पानफुटीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे सर्वात जास्त चूक होते. रेड पियरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान वरून फिकट, फुगल्यासारखं दिसतं, उजेडात धरलं तर आत काळसर विष्ठेचे ठिपके आणि हलणारी अळी दिसते. माळ्याला ते पान सडलेलं वाटतं आणि पूर्ण झाड उपटून कचऱ्यात जातं, आतल्या अळ्यांसकट. पानफुटीवरचं कुठलंही डागाळलेलं पान उजेडात धरून बघितल्याशिवाय काढायचं नाही, हा नियमच करा.

लिंबाळीची ओळखही सगळ्यांना दाखवून ठेवा. कोवळ्या पानावर फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षा लहान अंडं, बहुधा एकेकटं. सुरुवातीची अळी काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हात लावायला घाबरायचं कारण नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत हवामानानुसार साधारण तीन ते पाच आठवडे जातात. एवढं माहीत असलं की 'कढीपत्त्याला कीड लागली' हा फोन येणं बंद होतं.

संख्येत कंजुषी झाली की अळ्या उपाशी मरतात. फूटभर उंचीचा कढीपत्ता दोन-तीन अळ्यांतच सोलून निघतो. दोनशे चौरस फुटांच्या वाफ्याला गुडघ्याएवढे किमान पाच-सहा कढीपत्ते, दोन लिंबं, दोन-तीन रुई, सापसंदाचे चार वेल जाळीवर चढवलेले, आणि कडेने पानफुटी एवढं हवं. सोललेला कढीपत्ता पाणी मिळत राहिलं तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा फुटतो. स्वयंपाकासाठीचा कढीपत्ता वेगळ्या जागी लावा, नाहीतर भांडण ठरलेलं. रुई, हळदीकुंकू आणि कण्हेर शाळेत लावताना खेळायच्या वाटेपासून लांब लावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते आणि कण्हेर पोटात गेली तर विषारी आहे.

मकरंदासाठी नाही, पण नरांसाठी एक झाड जरूर लावा: खुळखुळा. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो यांचे नर त्याच्या सुकलेल्या फांद्या आणि शेंगांतून अल्कलॉइड नावाची रसायनं शोषतात, त्यातूनच त्यांचा मादीला बोलावणारा गंध तयार होतो. म्हणून वाळलेला खुळखुळा उपटायचा नाही.

फुलं आहेत, पण रिकामी

दुहेरी पाकळ्यांचा झेंडू, भरगच्च गुलाब, दुहेरी जास्वंद यांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच आलेल्या असतात, पराग-मकरंद जवळपास नाही किंवा किड्याला पोहोचता येत नाही. बोगनवेलीचा रंग पानांचा, फूल आत इवलंसं. हौसेला एखादं झाड ठीक, पण वाफा एकेरी फुलांनी भरा: एकेरी झिनिया, पेंटास, इक्झोरा, कोरांटी, तुळस, सब्जा, तेरडा, निर्गुडी. प्रत्येक जात सुटी न लावता एकत्र, किमान चौरस मीटरभर. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, दहा जातींची एकेक रोपं तिच्या उपयोगाची नाहीत.

तुळशीची मंजिरी खुडायची आपली जुनी सवय आहे, झाड टिकतं म्हणून. पण वाफ्यातली सगळी मंजिरी खुडली तर सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांना काय उरतं? दहा तुळशी असतील तर या पंधरवड्यात पाच खुडा, पुढच्या पंधरवड्यात उरलेल्या पाच. झाडंही टिकतात आणि फुलंही वर्षभर राहतात.

दिवाळी ते मे: खरी पोकळी इथे आहे

पावसाळ्यात तण, टाकळा, तेरडा सगळं फुकट फुलतं. अडचण नोव्हेंबरपासून सुरू होते, आणि तिची तयारी पावसाळ्यातच करावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये कोपऱ्यात कारळा फेका, तो दसऱ्याच्या आसपास फुलतो आणि मधमाश्या त्यावर तुटून पडतात. ऑक्टोबरच्या मध्यात मोहरी पेरा, साधारण चाळीस दिवसांत फूल येतं. त्याच सुमारास कोथिंबीर आणि बडीशेप पेरा आणि ती काढू नका, फुलू द्या. त्यांच्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर छोट्या माश्या आणि सिर्फिड माश्या येतात, ज्यांच्या अळ्या माव्यावर जगतात. कुंपणाला तुरीची एक ओळ लावली तर नोव्हेंबर-जानेवारीत ती फुलते. तिथून पुढे शेवगा सांभाळतो.

मार्च ते मे वाफ्यातल्या रोपांपेक्षा आवारातली झाडं जास्त काम करतात: कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, आणि कढीपत्त्याचा स्वतःचा फुलोरा. जागा असेल तर यातली दोन तरी लावाच. आणि असलेल्या झाडांची फांद्या-छाटणी फुलोऱ्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका. ती पावसाळ्याआधी, फुलोरा संपल्यावर करा.

पाण्याचा हिशेब आधी मांडा, कारण उन्हाळ्यात टँकर आला की बागेचं पाणी पहिलं बंद होतं. चौरस मीटरला एका वेळी 8 ते 10 लिटर, आठवड्यातून दोनदा. दोनशे चौरस फुटांना एका वेळी 150 ते 200 लिटर. मुळांवर तीन-चार इंच पाचोळा पसरला तर ओल टिकते. एसीचं पाणी बिनधास्त वापरा. आरओचं टाकाऊ पाणी क्षारयुक्त असतं, ते रोज एकाच वाफ्याला घालत राहिलं तर पानांच्या कडा जळतात. साध्या पाण्याबरोबर आलटून-पालटून द्या. काळ्या मातीत उलट त्रास पावसाळ्यात होतो, पाणी साचून पेंटासची मुळं कुजतात. तिथे वाफा सहा-आठ इंच उंच करा.

पिण्यासाठी खोल भांडं नको. पसरट मातीच्या थाळीत वाळू भरून ती ओली ठेवा आणि चिमूटभर मीठ टाका. फुलपाखरांचे नर ओल्या वाळूतून क्षार शोषतात आणि वर पाणी साचत नसल्याने डासही होत नाहीत. साखरपाण्याच्या वाट्या ठेवू नका, त्याने मुंग्या जमतात आणि माश्यांमध्ये रोग पसरायला वाव मिळतो. पिकून मऊ झालेलं केळं किंवा अननस सावलीत ठेवलेलं चालतं. फुलांवर न येणारी काही फुलपाखरं त्यावरच येतात.

घरट्यांना जागा

पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटने आवार बंद केलं की जमिनीत घर करणाऱ्या माश्या संपतात. निळ्या पट्ट्यांची अमेजिला त्यातलीच. टोमॅटो-वांग्याच्या फुलातला पराग ती पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवून झाडते, मधमाशीला ते जमत नाही. वाफ्याच्या उन्हाच्या बाजूला दोन बाय तीन फूट जागा उघडी, दाबलेली, पाचोळा न टाकता ठेवा. तिथे कुदळ मारू नका आणि पाणी तुंबू देऊ नका.

बांबूच्या नळ्या लावायच्या तर आतला व्यास 4 ते 10 मिमी, लांबी 15 सेंमी, एक टोक पेराने बंद. जुडी पक्की बांधा, वारा लागून हलणारी जुडी माश्या टाळतात. जमिनीपासून तीन-चार फुटांवर, तोंड पूर्वेला, वर छप्पर. दरवर्षी नव्या नळ्या, नाहीतर बुरशी आणि परजीवी साठतात. गुलाबाच्या पानाची कड गोलाकार कापलेली दिसली तर पानकापी माशी आली समजा, तिला घर मिळालंय.

छाटणीआधी झुडपात हात घालून बघा. फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं एकाच फांदीला लटकलेलं असतं आणि कात्रीखाली सहज जातं. एका वेळी अर्धीच झुडपं छाटा, उरलेली महिन्याने.

मधपेटी आणायचा आग्रह होतो. प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय नको, आणि छोट्या आवारात पेटीतल्या हजारो कामकरी माश्या एकट्या राहणाऱ्या माश्यांचं खाणं संपवतात. शिकायचंच असेल तर पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळतं. इमारतीच्या छज्ज्याला आग्या मोहोळ आलं तर ते बागेमुळे आलं असं नसतं, त्याला उंच आडोसा हवा असतो. धूर, दगड, रात्री फवारा यांपैकी काही करू नका. खालचा रस्ता वळवा, त्या बाजूचे प्रखर दिवे रात्री बंद ठेवा आणि काढायचंच असेल तर माश्या न मारता हलवणारा जाणकार शोधा.

हे लावू नका

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती जंगल गिळते. कॉसमॉस वाफ्यात ठीक, पण त्याच्या बिया किंवा सीड बॉल डोंगरावर फेकू नका. पुण्याच्या टेकड्यांवर तो आधीच मोकाट झाला आहे. पिचकारी, म्हणजे लाल-केशरी कपासारख्या फुलांचं आफ्रिकन ट्युलिप, हेही नको. खाली पडलेलं फूल उघडून बघा, आतल्या चिकट रसात मेलेल्या बारीक काळ्या माश्या सापडतात. डंख नसलेल्या पोयाच्या माशीला ते फूल घातक ठरतं. उभं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण नवं लावणं तर थांबवता येतं.

कंत्राटात काय लिहायचं

माळी बदलला, समिती बदलली, की नवा माणूस पहिल्या आठवड्यात वाफा 'साफ' करतो. तोंडी सूचना टिकत नाही. म्हणून कामाच्या आदेशातच हे घाला: या वाफ्यात कोणतीही फवारणी नाही, निंबोळीचीही नाही. छाटणी एका वेळी निम्मी, समितीच्या माणसासमोर. कुरतडलेली पानं आणि वाळका खुळखुळा काढायचा नाही. उघड्या मातीचा तुकडा खणायचा नाही. फेब्रुवारी ते मे पाणी आठवड्यातून दोनदा, टंचाईतही किमान एकदा. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना विटांची कड घाला म्हणजे हद्द दिसते, आणि पाटीवर फुलपाखरांऐवजी अळ्यांचे आणि पानफुटीच्या डागाळलेल्या पानाचे फोटो लावा.

फवारणी थांबल्यावर कढीपत्त्यावर लिंबाळीची अंडी त्याच पावसाळ्यात दिसायला हवीत. जमिनीतल्या माश्यांना दुसरा हंगाम लागू शकतो. दुसऱ्या पावसाळ्यातही अंडी नसतील तर शेजारच्या आवारात कोण काय फवारतंय ते विचारा आणि हाच आदेश त्यांच्या समितीलाही द्या.